महाविद्यालयाच्या आवारातील लँडस्केपिंग सेवा: तीन वर्षांनंतरचे परीक्षण

आमच्या महाविद्यालयाने तीन वर्षांपूर्वी आवाराच्या सुशोभीकरणाचे काम नागपुरातल्याच एका खासगी लँडस्केपिंग संस्थेला दिले आणि त्याच संस्थेशी देखभालीचा करारही केला. हा करार यंदा नूतनीकरणासाठी आला, तेव्हा परिसर समितीची सदस्य म्हणून माझे मत लेखी मागवण्यात आले. त्या टिपणात जे मावले नाही ते येथे लिहीत आहे, कारण अशी दरपत्रके इतरही महाविद्यालयांच्या टेबलांवर येत असणार, आणि दरपत्रकात ज्याचा उल्लेखही नसतो त्याचाच विद्यार्थ्यांवर सर्वांत जास्त परिणाम होतो, असे माझे मत झाले आहे. संस्थेचे नाव मी घेणार नाही आणि महाविद्यालयाचेही नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सर्व शाखांना सक्तीचा असलेला पर्यावरण अभ्यास हा विषयही माझ्याकडे आहे, एवढी ओळख पुरेशी आहे.

काम म्हणून पाहिले तर तक्रारीला फारशी जागा नाही. ठरलेल्या मुदतीत हिरवळ अंथरली गेली, डुरांटाचे कुंपण सरळ रेषेत वाढले, पायवाटेवर पेव्हर ब्लॉक बसले, तुषार सिंचनाची यंत्रणा पहिल्या उन्हाळ्यात एकदाही बंद पडली नाही, आणि जी रोपे मेली ती हमीप्रमाणे विनामूल्य बदलून मिळाली. पायवाटेवरच्या दिव्यांचा उल्लेख मुद्दाम करते. हिवाळ्यात सायंकाळी उशिरा प्रयोगशाळेतून निघणाऱ्या मुलींना पूर्वी प्रवेशद्वारापर्यंत अंधारातून जावे लागे; आता लागत नाही. मूल्यांकन समिती आली तेव्हा दर्शनी भागाचे कौतुक झाले, छायाचित्रे निघाली, आणि नॅक या मूल्यांकन संस्थेच्या सातव्या निकषाखाली हरित परिसराविषयी जे लिहायचे असते त्यासाठी आम्हाला शब्द शोधावे लागले नाहीत.

प्रश्न त्यानंतर सुरू होतो. प्रवेशद्वारापासून मुख्य इमारतीपर्यंतची हिरवळ साधारण एक एकराची आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, आणि नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत गवत हिरवे ठेवायचे असेल तर दिवसाला निदान ५ मिलिमीटर पाणी धरावेच लागते. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा हिशेब रोज सुमारे २०,००० लिटरवर जातो. दहा हजार लिटरचे दोन टँकर. हे पाणी बोअरवेलचे आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या वर्गात मी भूजलाची पातळी खाली का जाते हे शिकवते, त्याच्या खिडकीतून सकाळी अकराच्या उन्हात गोल फिरणारे फवारे दिसतात. पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याने, उपहासाने नव्हे तर खरोखर समजून घेण्यासाठी, विचारले की मॅडम, हे पाणी वाया जाणे धरायचे की नाही. मी त्याला फळ्यावर वरचा हिशेब करून दाखवला. त्या तासिकेला मुलांनी जेवढे लक्ष दिले तेवढे त्या सत्रात पुन्हा दिले नाही, हेही नमूद करायला हवे.

हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आला तो न्यायालयाच्या वाटेने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणासंबंधी निर्देश दिले, त्यांचा पाठपुरावा पुढे बरीच वर्षे चालला, आणि अखेर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात विद्यार्थी त्याकडे उत्तीर्ण होण्यापुरता विषय म्हणून पाहतात, आणि मला त्यांचा दोष वाटत नाही. पर्यावरणाची व्याख्या पाठ करण्यात जो तास जातो, त्याच्या आधी आणि नंतर ते ज्या आवारातून चालतात ते आवार त्यांना रोज काही ना काही सांगतच असते. आमच्या हिरवळीवर चार पाट्या आहेत आणि चारही पाट्यांवर एकच वाक्य आहे: हिरवळीवर चालू नये. तीन वर्षे हे वाक्य वाचणाऱ्या मुलाच्या मनात निसर्ग ही दुरून पाहायची आणि दुसऱ्या कोणीतरी निगा राखायची वस्तू आहे, एवढेच ठसले तर नवल नाही.

दरवर्षी पहिल्या तासिकेला मी मुलांना एक कागद देते आणि प्रवेशद्वारापासून वर्गापर्यंत दिसलेल्या पाच झाडांची नावे लिहायला सांगते. बहुतेक कागदांवर ‘अशोक’ असते, आणि ते ज्याला अशोक म्हणतात तो उंच, खाली झुकलेल्या पानांचा आसुपालव असतो. खऱ्या सीताअशोकाचे एकही झाड आमच्याकडे नाही. दुसरे नाव गुलमोहराचे, जो मूळचा मादागास्करचा. तिसऱ्या ओळीपासून कागद कोरा राहतो, किंवा ‘शोचे झाड’ असे लिहिलेले असते. वांडरसी आणि शुस्लर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९९ मध्ये या दोषाला वनस्पती-अंधत्व असे नाव दिले: डोळ्यांसमोर असलेली वनस्पती दिसतच नाही, ती केवळ हिरवी पार्श्वभूमी होऊन राहते. नव्या सुशोभीकरणानंतर कोऱ्या ओळी कमी होतील अशी माझी अपेक्षा होती, कारण झाडांची संख्या वाढली होती. झाले उलटे. एकाच मापाची, एकाच रंगाची, महिन्यातून दोनदा कातरलेली झाडे एकमेकांपासून वेगळी ओळखण्याचे कारणच मुलांना उरले नाही. डुरांटाच्या त्या कुंपणाला फूल येण्याआधीच कात्री लागते, त्यामुळे ती फुलणारी वनस्पती आहे हे वनस्पतिशास्त्राच्या मुलांनासुद्धा सांगावे लागते.

झाडांची निवड हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग आहे. बाटलीच्या आकाराच्या खोडाचे पाम, गोळे करून कातरलेले फायकस, आणि मागच्या भिंतीलगत कोनोकार्पसची रांग. कोनोकार्पस भराभर वाढतो, आणि कंत्राटदाराला वर्षभरात हिरवी भिंत दाखवता येते. म्हणून तो सगळीकडे लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली तेव्हा मी ते आदेशाचे वृत्त संस्थेच्या व्यवस्थापकांना पाठवले. श्रेय द्यायलाच हवे: त्यांनी वाद घातला नाही, आणि त्या पावसाळ्यानंतर रांगेतली अर्धी झाडे काढून करंज आणि बहावा लावून दिला, जादा पैसे न घेता. मात्र हे आधी का सुचले नाही असे विचारल्यावर मिळालेले उत्तर प्रामाणिक होते. नर्सरीत जे मोठ्या आकारात तयार मिळते तेच आराखड्यात येते, आणि पळस, मोह किंवा तेंदू मोठ्या कुंडीत कोणी तयार करत नाही, कारण मागणारा कोणी नाही.

मातीविषयी थोडक्यात. आमची जमीन काळी, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. हिरवळीसाठी तिच्यावर बाहेरून आणलेल्या लाल मातीचा थर टाकला गेला. पेव्हर ब्लॉकखाली मात्र ती पुरेशी खोल काढली गेली नसावी, कारण दुसऱ्या पावसाळ्यानंतर ब्लॉक जागोजागी वर आले. देशभराच्या मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय याच शहरात, अमरावती रस्त्यावर आहे, आणि आमच्या मुलांना काळी माती दिसते ती पायवाट उखडली तेव्हा. पाण्याचेही तसेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या परिसरात आणि नाग नदीच्या काठी पुराने काय झाले ते नागपूरकरांना सांगायला नको. त्या सकाळी आमच्या छतांवरचे आणि पायवाटांवरचे सगळे पाणी सरळ रस्त्यावर गेले होते. शहरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या एका छतावर त्याचे दहा लाख लिटरहून अधिक पाणी होते. दरपत्रकात कारंजे होते. पुनर्भरणाचा खड्डा नव्हता. आम्हीही तो मागितला नव्हता.

आता त्या कोपऱ्याकडे येते, ज्याचा या सेवेशी काहीच संबंध नाही आणि म्हणूनच या परीक्षणात त्याला जागा द्यावी लागते. उपाहारगृहाच्या मागे, सायकल स्टँड आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये अर्ध्या एकरापेक्षा कमी जागा आहे. निधी संपल्यामुळे ती करारातून वगळली गेली. तेथे एक उंबर, दोन कडुनिंब, एक वाकडा पळस, रुईची झुडपे, एरंडी आणि पावसाळ्यात माजणारे गाजरगवत एवढेच आहे. बसायला बाक नाहीत. जुन्या इमारतीचे पडलेले दगड आहेत. तरीही तर्री-पोह्यांची प्लेट घेऊन मुले जातात ती तेथेच, कारण एप्रिलच्या दुपारी पेव्हर ब्लॉकवर हात टेकवत नाही आणि उंबराखाली मात्र बसता येते. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, तेथे सावली हा सजावटीचा विषय असू शकत नाही, आणि एकरभर हिरवळीला सावली नसते.

त्या उंबरावर धनेशाची जोडी येते. राखी रंगाचा, वाकड्या चोचीचा हा पक्षी नागपूरला नवा नाही, पण तो वाणिज्य शाखेच्या एका मुलाने मला मोबाइलवर टिपून आणून दाखवला, आणि हा कोण हे विचारले, ही मला नवी गोष्ट होती. पुढच्या महिन्याभरात त्याच गटाने रुईच्या पानांवरचे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सुरवंट शोधले आणि पुढे त्यांच्या कोशांतून बिबळ्या कडवा हे नारिंगी फुलपाखरू बाहेर पडताना पाहिले. त्याची मादी रुईच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते. रुई उपटली की फुलपाखरू गेले, हे त्यांना मी सांगण्याआधी कळले होते, कारण मधल्या काळात कोणीतरी स्वच्छता मोहिमेत दोन झुडपे उपटली होती आणि ही मुले भांडायला कार्यालयात गेली होती. यातला एकही जण निसर्ग मंडळाचा सदस्य नव्हता. दर्शनी भागात लावलेल्या संकरित फुलझाडांवर आम्ही तीन वर्षांत एकही सुरवंट पाहिलेला नाही. कीटकनाशकाची फवारणी वेळापत्रकानुसार होते, हे त्याचे एक कारण, आणि करारातल्या ‘कीडमुक्त परिसर’ या शब्दांचा तो अर्थही बरोबरच आहे.

चिंचेचे प्रकरण याच मुलांचे. दुसऱ्या वर्षी वाहनतळ वाढवण्याच्या आराखड्यात एक जुनी चिंच आड येत होती आणि कागदावर तिच्या जागी फुली मारलेली होती. तिच्याखाली चहा पिणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी हाती तो कागद लागला. राज्याच्या १९७५ च्या शहरी भागांतील वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आहे, एवढे मी त्यांना सांगितले. वय कसे दाखवायचे हा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला: ग्रंथालयातले जुने वार्षिकांक काढून एका स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रात मंडपामागे उभी असलेली तीच चिंच शोधली, तेव्हाही चांगली मोठी. प्राचार्यांसमोर ते छायाचित्र ठेवल्यावर आराखडा बदलला. संस्थेने नवे नकाशे आठवड्याभरात दिले, याची नोंद त्यांच्या बाजूने करते. मूल्यमापनाच्या दृष्टीने मात्र मला हे महत्त्वाचे वाटते की त्याच मुलांना माझ्या विषयात जेमतेम गुण होते.

या सेवेतला सर्वोत्तम भाग कोणता असे कोणी विचारले, तर मी माळीकाकांचे नाव घेईन, आणि ते दरपत्रकात ‘अकुशल मनुष्यबळ, एक’ या नोंदीखाली होते. भंडारा जिल्ह्यातले, पन्नाशी ओलांडलेले, धानाची शेती भावाकडे सोपवून शहरात आलेले. ते हिरवळ कापत, पण रिकाम्या वेळी मागच्या कोपऱ्यात सापडत. एकदा मुलांच्या घोळक्यासमोर ते मला म्हणाले, “मॅडम, या गवताले दोन दिवस पानी नाही भेटलं का ते पिवळं पडते. त्या पळसाले मी आजपर्यंत लोटाभर पानी टाकलं नाही.” मार्चमध्ये पानगळ झालेला तोच पळस केशरी फुलांनी भरला, तेव्हा मुलांनी त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली; त्याआधी ते झाड कोणाला दिसलेही नव्हते. मोहाची फुले पहाटे का वेचतात, तेंदूचे पान कोणत्या दिवसांत खुडतात, पळसाच्या पानांची पत्रावळ कशी टाचतात, हे त्यांनी मुलांना जेवणाच्या सुटीत सांगितले, आणि पत्रावळ तर प्रत्यक्ष टाचून दाखवली. लुईझ चावला यांनी नॉर्वे आणि अमेरिकेतील केंटकी येथील पर्यावरण कार्यकर्त्यांच्या मुलाखतींवर १९९९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या लोकांनी आपल्या ओढीची जी मुळे सांगितली, त्यांत निसर्गात घालवलेला काळ आणि जवळची वडीलधारी माणसे या दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. माझ्या वर्गापुरते मी म्हणू शकते की जागा मागच्या कोपऱ्याने दिली आणि माणूस कंत्राटदाराने, नकळत.

पालापाचोळ्याचे उदाहरणही काकांचेच आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली असली, तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडलेल्या पानांचा ढीग करून काडी लावणे ही आपल्या आवारांची जुनी सवय. करारात पाला ‘उचलून नेणे’ होते. पहिली दोन वर्षे तो ट्रॅक्टरने बाहेर जाई आणि त्याच ट्रॅक्टरने विकतचे शेणखत आत येई. या व्यवहारातला विनोद कोणाच्या लक्षात आला नव्हता. काकांनी भिंतीलगत विटांचे दोन कच्चे हौद मांडले, मुलांनी पाला आणि उपाहारगृहातला भाजीपाल्याचा कचरा टाकला, आणि दिवाळीपर्यंत खत तयार झाले. खताची पहिली टोपली मुलांनी चिंचेच्या आळ्यात टाकली. संस्थेने शेणखताचे बिल त्या वर्षी कमी केले नाही, ही तक्रार मी टिपणात लिहिली आहे.

काकांची बदली गेल्या उन्हाळ्यात वर्धा रस्त्यावरच्या एका गृहसंकुलात झाली. आता जो तरुण येतो तो यंत्र उत्तम चालवतो, कानात इअरफोन असतो, आणि त्याच्याकडे सहा जागा असल्यामुळे दुपारी तो येथे नसतो.

शहरातल्या जुन्या आवारांशी तुलना करण्याचा मोह होतो. १९०६ साली स्थापन झालेले कृषी महाविद्यालय आणि त्याच्या अखत्यारीतली महाराजबाग, किंवा दोनशे एकरांहून मोठे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचे आवार, यांच्याशी आमच्यासारख्या लहान अनुदानित महाविद्यालयाची बरोबरी होणार नाही. महाराजबागेत मी दरवर्षी वर्ग नेते. पण तेथून परतल्यावर मुले जे लिहितात ते सहलीचे वर्णन असते. मागच्या कोपऱ्याविषयी लिहितात तेव्हा त्यात तारखा असतात: पळसाला पहिली कळी कधी आली, धनेश किती दिवस दिसला नाही, उंबराखाली माशा कधी वाढल्या. रोज जाता-येता दिसणारी अर्धा एकर जागा आणि वर्षातून एकदा पाहिलेली मोठी बाग यांत मी अभ्यासासाठी पहिली निवडीन.

गुण द्यायचेच तर कारागिरीला पाचपैकी चार, वागणुकीला चार, झाडांच्या निवडीला दोन, पाण्याच्या विचाराला एक. रकमेचा आकडा सांगण्याची मुभा मला नाही; एवढे सांगते की देखभालीच्या खर्चाचा मोठा वाटा एकट्या हिरवळीवर जातो. असे काम देण्याच्या विचारात असलेल्यांनी आराखड्यावर सही करण्यापूर्वी आधी उभ्या असलेल्या प्रत्येक झाडाचे नाव त्यावर लिहून मागावे, लागवड जूनच्या शेवटी पहिला चांगला पाऊस झाल्यावरच करून घ्यावी, आणि फवारणीचे वेळापत्रक आपल्याकडे ठेवावे. माझ्या टिपणात मी हिरवळ निम्मी करून उरलेल्या जागेत बहावा, करंज, कडुनिंब आणि मोह लावावा, छताचे पाणी खड्ड्यात उतरवावे, फवारे सूर्योदयापूर्वी चालवावेत आणि माळी किमान दोन वर्षे बदलू नये, असे सुचवले आहे. फवाऱ्यांची वेळ लगेच मान्य झाली.

नव्या करारासोबत संस्थेने मागच्या कोपऱ्याच्या ‘विकासाचा’ आराखडाही जोडला आहे. त्यात पांढऱ्या गोट्यांची पायवाट आहे, चार बाक आहेत, आणि उंबर ज्या ठिकाणी उभा आहे तेथे गझिबो, म्हणजे सजावटीचा मंडप, दाखवला आहे. समितीची बैठक येत्या पंधरवड्यात आहे, आणि वाणिज्य शाखेच्या त्या मुलांनी आराखड्याची प्रत माझ्याकडे मागितली आहे.